छंदाची रजा आणि अध्यापकाचे प्रशिक्षण

सोलापूरहून निघालेली गाडी टिकेकरवाडी ओलांडून होटगीला येते, तेथे रेल्वेमार्गाला दोन फाटे फुटतात. एक गुलबर्गा-वाडीकडे जातो, दुसरा विजापूर-गदगकडे. गदगची वाट पूर्वी मीटरगेज होती. त्यामुळे उतारूंना येथे गाडी बदलावी लागे आणि वाट पाहावी लागे. मीटरगेज गेले, पण होटगीच्या फलाटावरील वाट पाहणे अजून पुरते गेलेले नाही. आमच्यापैकी एकाचे घर होटगीत आहे, दुसऱ्याचे सोलापुरात. आणि आम्ही दोघेही सोलापूर परिसरातील एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात मराठीची अध्यापनपद्धती शिकवतो. या फलाटावरच्या बाकावर मांडीवर वही ठेवून पाठटाचण लिहिणारी मुले-मुली आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहोत. अक्षर गाडीत बिघडते, म्हणून गाडी येण्यापूर्वीच उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे उरकून घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता.

अशाच एका विद्यार्थिनीने प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात आम्हांला विचारले होते, ‘‘मॅडम, बी.एड. करताना छंद सांभाळता येतो का हो?’’ आम्ही तिला तयार उत्तर दिले. वेळेचे नियोजन कर, वेळापत्रक भिंतीवर लाव, मोबाइल बाजूला ठेव, सगळे जमते. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ती वेळ मागत नव्हती. प्रशिक्षणाच्या या दोन वर्षांत आपल्यातला कोणता भाग घरी ठेवून यायचा आणि कोणता बरोबर आणायचा, हे ती विचारत होती. त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, हे कबूल करायला आम्हांला बराच काळ लागला. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

आम्ही दोघांनी बी.एड. केले, त्या काळी तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, आशययुक्त अध्यापन, हर्बर्टची पंचपदी, फळ्यावरचे सुवाच्य अक्षर, पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रे; आणि हे सर्व आटोपते न आटोपते तोच परीक्षा. त्या वर्षात आमच्यापैकी एकाने पेटी वाजवणे सोडले आणि दुसऱ्याने कविता लिहिणे. कोणी सोडायला सांगितले नव्हते. ‘एवढे वर्ष जाऊ दे’ असे आम्ही स्वतःलाच सांगितले. वर्ष गेले, पेटी माळ्यावरच राहिली. त्यामुळे या विषयावर आम्ही तटस्थपणे बोलत आहोत, असा दावा करता येणार नाही.

पुढे चित्र पालटले. महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. शिक्षक घडवण्याचे काम इतक्या घाईने उरकता येत नाही, हा त्याच्या २०१२ च्या अहवालाचा एक सूर होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम केले आणि २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. वर्षाला किमान २०० दिवस, आठवड्याला किमान ३६ तास. वर्गातील उपस्थिती ८० टक्के, शाळेतील आंतरवासितेची ९० टक्के. आंतरवासिता एकंदर २० आठवड्यांची, त्यातील १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. याच आराखड्यात एक गोष्ट आम्हांला मनापासून आवडली होती. भावी शिक्षकाने मजकूर वाचावा आणि त्यावर चिंतन करावे, नाट्य आणि कला हाताळाव्यात, तंत्रज्ञानाकडे डोळसपणे पाहावे, स्वतःला समजून घ्यावे, यासाठी तेथे स्वतंत्र जागा ठेवली होती. वाटले, जे आम्हांला माळ्यावर टाकावे लागले, ते या मुलांना वर्गात आणता येईल.

प्रत्यक्षात काय झाले? कलेची फाइल झाली. ‘स्वतःला समजून घेणे’ याचीही फाइल झाली, आणि ती महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मागल्या वर्षीच्या मुलांकडून मिळू लागली. एका वर्षी आमच्यापुढे आलेल्या तीसेक फाइलींत अकरा जणांचे बालपण शब्दशः सारखे निघाले. अकराही जण लहानपणी भित्रे होते, अकराही जणांना आजीने धीर दिला होता. आम्ही हसलो आणि सह्या केल्या. त्या हसण्याची आज लाज वाटते. ज्या मुलांना स्वतःविषयी लिहिताना दुसऱ्याचे बालपण उसने घ्यावे लागते, ती बालपणाशून्य असतात असे थोडेच आहे? आपले खरे बालपण येथे चालणार नाही, एवढे मात्र त्यांनी अचूक ओळखलेले असते.

आता त्या मुलीकडे येऊ. होटगीचा तलाव तिच्या घरापासून फार दूर नाही. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि ही मुलगी शाळेत असल्यापासून एका दोनशे पानी वहीत त्यांच्या नोंदी करीत असे : तारीख, वेळ, पाण्याची पातळी, कोणता पक्षी, किती, काय करीत होता. दुर्बीण नव्हती. कित्येक पक्ष्यांची नावे तिला ठाऊक नव्हती. तेथे तिने स्वतः ठेवलेली नावे होती. शेकाट्याचे ‘लाल काड्या’ असे नाव आम्ही त्या वहीत वाचले, आणि तो पक्षी ज्याने पाहिला आहे त्याला ते नाव विसरता येणार नाही.

पहिल्या वर्षीच्या एका सराव पाठात तिच्या वाट्याला सातवीचा वर्ग आला. कविता निसर्गवर्णनाची होती आणि तिच्यात बगळ्यांचा उल्लेख होता. टाचणाप्रमाणे त्या ओळीला दोन मिनिटे होती. तिने फळ्यावर ‘बगळा’ लिहिले आणि वर्गाला विचारले, ‘‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’’ सोलापूरचा वर्ग तो. एकाने कन्नडमधून ‘कोक्करे’ सांगितले, मागच्या बाकावरून तेलुगूतले ‘कोंगा’ आले, एका मुलीने ‘बगला’ म्हटले. मग बगळा एका पायावर का उभा राहतो, त्याची मान उडताना कशी दिसते, नांगराच्या मागे मागे तो का चालतो, असे प्रश्न मुलांनीच काढले आणि मुलांनीच सोडवले. ज्या मुलाने तोवर मराठीच्या तासाला तोंड उघडले नव्हते, असे वर्गशिक्षिकेने नंतर सांगितले, तो उठून आपल्या शेतातला बगळा चालून दाखवू लागला. घंटा झाली तेव्हा कवितेच्या दोन कडव्यांना हातही लागलेला नव्हता.

निरीक्षण वहीत आम्ही लिहिले : ‘विषयांतर टाळावे. वेळेचे नियोजन सुधारावे. मूल्यमापनाची पायरी राहिली.’ गुण बेताचे दिले. नियमाप्रमाणे त्यात काही वावगे नव्हते. पुढच्या पाठाला ती घड्याळ लावून आली आणि पाठ अडतिसाव्या मिनिटाला चोख संपवला. आम्ही शाबासकी दिली. त्या शाबासकीने आम्ही नेमके काय केले, हे आम्हांला बरेच पुढे समजले.

येथे कोणी म्हणेल, आणि आमचे सहकारी म्हणतातच, की ही भावुकता झाली. त्यांचे म्हणणे हलके नाही, म्हणून ते नीट मांडले पाहिजे. ते म्हणतात : आपल्याकडे येणारी मुले शेतमजुरांची, यंत्रमाग कामगारांची, विडी वळणाऱ्या बायांची आहेत. घरच्यांनी पैसे उभे करून त्यांना पाठवले आहे ते नोकरी मिळावी म्हणून. शिक्षक पात्रता परीक्षा २०१३ पासून मानेवर आहे, अभियोग्यता चाचणी २०१७ पासून. तरीही नेमणुकीचा भरवसा नाही. अशा मुलांना छंद जोपासा म्हणणे म्हणजे भरल्या पोटी उपाशी माणसाला संगीत ऐकवणे होय. छंद ही ज्यांना सवड आहे त्यांची चैन आहे.

या आक्षेपातील अर्धा भाग आम्हांला मान्य आहे. सवड सर्वांना सारखी नसते. आम्ही एकदा फळ्यावर वर्गासमोरच हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ४९ गेले, ११९ उरले. महाविद्यालयाचे ३६ गेले, ८३. होटगीसारख्या गावाहून येण्याजाण्यात आणि वाट पाहण्यात रोजचे अडीच धरले तर सहा दिवसांचे १५, उरले ६८. घरकाम रोज तीन तास, म्हणजे २१, उरले ४७. जेवणखाण, आंघोळ वगैरे १४; उरले ३३. टाचणे, फाइली आणि अभ्यास रोज तीन तास, उरले १२. मुले चकित झाली. बारा तास! मग एक विवाहित छात्राध्यापिका शांतपणे म्हणाली, ‘‘सर, यात माझं बाळ कुठं आहे?’’ आम्ही खडू खाली ठेवला. तिच्या हिशेबात बारा तर नव्हतेच, झोपेच्या ४९ मधूनही काही कमी करावे लागणार होते.

तेव्हा वेळेची टंचाई खरी आहे, आणि ती बाईला बुवापेक्षा अधिक आहे. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे छंद ही सुखवस्तूंची चैन, हा आम्हांला मान्य नाही. आमच्या वर्गातील कोणते छंद आम्ही पाहिले? पक्ष्यांच्या नोंदी करणारी ही मुलगी. घरच्या वाकळेत, म्हणजे गोधडीच्या टाक्यांत, नव्या नक्ष्या बसवणारी दुसरी. सप्ताहात मृदंग वाजवणारा एक. वडिलांबरोबर हलगीवर बसणारा एक. आणि सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा एक. यातले कोणते सुखवस्तू घरातून आले आहे? हे छंद पैशाने आलेले नाहीत. माणसांमधून आलेले आहेत. उलट, घरात दुसरे काही नसताना ज्या एका गोष्टीत आपण कोणापेक्षाही उणे नाही असे त्या मुलाला वाटते, ती गोष्ट तेवढी त्याच्याजवळ असते. प्रशिक्षणाच्या नावाखाली तीच उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगणे, हे गरिबाच्या हिताचे आहे असे आम्हांला वाटत नाही.

नंदीध्वज पेलणाऱ्या त्या मुलाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सोलापूरची यात्रा जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या वेळी भरते. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त. आणि त्या उंच, जड काठ्या तोल सांभाळून मिरवायच्या तर आधी पुष्कळ दिवस सराव हवा. हा मुलगा सरावाला जाई आणि दुसऱ्या दिवशी शाळेत झोपाळलेल्या डोळ्यांनी येई. टाचण अर्धे. आम्ही त्याला बोललो, ९० टक्के उपस्थितीची आठवण दिली. तो एवढेच म्हणाला, ‘‘सर, काठीचा तोल एकट्याच्या हातात नसतो. माझी जागा रिकामी ठेवली तर बाकीच्यांवर भार येतो.’’ अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात सहकार्यात्मक अध्ययन नावाचे प्रकरण आहे. ते आम्ही त्याच आठवड्यात त्याला शिकवत होतो. काठीखाली उभे राहून तो ते आधीच शिकला आहे, हे आमच्या लक्षात आले नाही.

तथापि येथे आम्हांला एका सापळ्यापासून स्वतःलाच सावध करायचे आहे. छंदाची बाजू मांडताना आपण लगेच त्याचा उपयोग सांगू लागतो. पक्षी पाहिल्याने कविता चांगली शिकवता येते, मृदंगाने वृत्ते कळतात, गोधडीने भूमिती येते. हे खरे असेलही. वर आम्हीही तेच केले. सोलापूर जिल्ह्याला याचे एक ठळक उदाहरण ठाऊक आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्काराच्या रकमेतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तंत्रज्ञानाची ओढ अध्यापनात उतरली की काय होते, याचा हा दाखला अभिमानास्पदच आहे. पण प्रत्येक ओढ अशी उतरलीच पाहिजे, अशी अट घातली की छंद पुन्हा गृहपाठ होतो. ‘तुझ्या मृदंगाचा अध्यापनात उपयोग काय, ते पाचशे शब्दांत लिही’ असे म्हटल्याबरोबर मृदंग मुका होतो. फाइल जन्माला येते ती येथे.

या दृष्टीने आम्हांला इंदिरा संत यांचे उदाहरण फार मोलाचे वाटते. त्यांच्या कवितेवर आपण मराठीच्या वर्गांत तासन् तास बोलतो. पण त्या बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत होत्या आणि पुढे तेथील प्राचार्या झाल्या, म्हणजे आमच्याच व्यवसायातल्या होत्या, हे आपण विसरतो. १९४६ साली पतीचे निधन झाले. मुले लहान होती. नोकरी करणे भाग होते. त्याच नोकरीच्या काळात ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७), ‘रंगबावरी’ (१९६४) हे संग्रह आले. ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८४ साली. अध्यापिका घडवण्याचे काम आणि कविता ही दोन्ही कामे एकाच बाईने केली. त्यांचा ‘समतोल’ कसा साधला असेल, हे आम्ही सांगू शकत नाही. आणि त्या कष्टांचे गोडवे गाऊन आजच्या विवाहित छात्राध्यापिकेला ‘बघ, त्यांना जमले’ असे सुनावणे तर निर्दयपणाचे होईल. आम्हांला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, ती कविता अध्यापनाचे साधन म्हणून लिहिली गेली नाही. ती नोकरीच्या शेजारी राहिली, नोकरीच्या पोटात शिरली नाही. म्हणूनच ती कविता राहिली असावी.

दुसरी तऱ्हा साने गुरुजींची. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात ते शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते, आणि वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत होते. दैनिक, आणि तेही हाताने लिहिलेले! त्याला गुण नव्हते, सही नव्हती, तपासणी नव्हती. मुलांसाठी होते, पण मुलांच्या परीक्षेसाठी नव्हते. येथे लिहिण्याची ओढ शिक्षकपणात मिसळून गेलेली दिसते. मात्र ती कोणी सक्तीने मिसळलेली नाही. शेजारी ठेवणे आणि मिसळून जाणे, या दोन्ही वाटा खऱ्या आहेत. कोणती घ्यायची हे ज्याचे त्याने ठरवावे. महाविद्यालयाने तेवढे ठरवू नये.

आणि तिसरे नाव आमच्या सोलापूरचेच. मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात तेलुगू भाषक घरात झाला. वनखात्याच्या प्रशिक्षणासाठी ते कोइमतूरला गेले, वनाधिकारी म्हणून आयुष्यभर रानात राहिले, आणि मराठीला त्यांनी ‘पक्षिकोश’ दिला. २००६ च्या जानेवारीत सोलापुरात भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली, पद्मश्री मिळाल्याच्या वर्षीच, सोलापुरात त्यांचे निधन झाले. ज्या शहराने असा माणूस पाहिला, त्या शहराजवळच्या तलावाकाठी एक मुलगी वहीत पक्षी लिहीत होती, आणि आम्ही तिला ‘विषयांतर टाळावे’ असा शेरा दिला. हा योगायोग आम्हांला अजून टोचतो. ती चितमपल्ली झाली असती, असे आम्ही म्हणत नाही. ती तिच्या वहीची धनीण राहिली असती, एवढे पुरेसे होते.

बी.एड. संपल्यावर तीनेक वर्षांनी ती होटगीच्या फलाटावर भेटली. एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होती, पात्रता परीक्षेची तयारी चालू होती. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर आम्ही वहीची चौकशी केली. ती हसून म्हणाली, ‘‘आहे की घरात. शेवटची नोंद पहिल्या वर्षाच्या डिसेंबरातली आहे, मॅडम. नंतर बघू बघू म्हणत राहूनच गेलं.’’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती. गाडी आली, ती गेली. डिसेंबर म्हणजे त्या पाठाचा महिना होता, हे तिला आठवत होते की नाही, कोण जाणे. आम्हांला आठवत होते.

मग करावे काय? आम्ही दोन मराठीचे अध्यापक. विनियम बदलणे आमच्या हाती नाही. पण जे हाती आहे ते थोडे नाही. पहिली गोष्ट, लिहून घेण्याचा सोस आवरावा. एकच टाचण कच्चे, मग पक्के, मग पुन्हा सुंदर अक्षरात फाइलीला, असे तीनदा लिहून घेतल्याने अध्यापन सुधारते, याचा अनुभव आमच्या इतक्या वर्षांत आम्हांला आलेला नाही. दोनदा लिहिणे वाचले तर आठवड्याचे काही तास सुटतात, आणि ते सर्वांत आधी त्या बाळाच्या आईला मिळतात. दुसरी, कलेचे आणि ‘स्वतःला समजून घेण्या’चे मूल्यमापन फाइलीवरून न करता गप्पांतून करावे. दहा मिनिटे समोर बसवून ‘तुला काय आवडते?’ असे विचारले, तर उसने बालपण टिकत नाही. याला वेळ आमचा जाईल, जावा. तिसरी, आठवड्यातून एक दुपार अशी असावी की जिला गुण नाहीत, अहवाल नाही, छायाचित्र नाही. ज्याला गायचे त्याने गावे, ज्याला वाचायचे त्याने वाचावे, ज्याला झोपायचे त्याने झोपावे. आणि त्या दुपारी अध्यापकांनीही आपले काही काढून बसावे. मुलांना छंदाचे महत्त्व सांगणारा शिक्षक स्वतः काहीच करीत नाही, हे मुले पहिल्या दिवशीच ओळखतात.

विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. ‘एवढे वर्ष जाऊ दे’ हे वाक्य कृपा करून स्वतःला सांगू नका. आम्ही ते सांगून पाहिले आहे. त्या वर्षानंतर परीक्षेचे वर्ष येते, मग नोकरीचे, मग लग्नाचे, मग मुलांच्या शाळेचे. छंदाला पूर्ण रजा दिली की तो परत कामावर येत नाही. त्याला लहान करा, पण बंद करू नका. रोज तास मिळत नसेल तर आठवड्याला एक नोंद, एक कडवे, एक टाका. आणि तो चांगला जमलाच पाहिजे, असेही मनावर घेऊ नका. वर्गात आपण सतत दुसऱ्यांना जोखत असतो. जेथे आपल्याला कोणी जोखत नाही, अशी एक जागा शिक्षकाजवळ असलेली बरी. नव्याने काही शिकताना आपण कसे चुकतो, कसे अडखळतो, याची आठवण तेथेच ताजी राहते. आणि ही आठवण गेली की समोरच्या अडखळणाऱ्या मुलाचा राग येऊ लागतो.

हा विचार आताच मांडण्याचे आणखी एक कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला आहे, आणि ज्यांनी चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतली आहे त्यांच्यासाठी एका वर्षाचे बी.एड.ही सुचवले आहे. एक वर्ष पुन्हा आले की पुन्हा घाई येणार, आणि घाईत प्रथम काय गळते हे आम्ही आमच्या माळ्यावर पाहिले आहे. दुसरीकडे, अठरा वर्षांच्या मुलाला चार वर्षे शिक्षकच घडवायचे ठरवले, तर त्याने मधल्या काळात शिक्षकाखेरीज आणखी काय व्हावे, याचा विचारही कोणी तरी केला पाहिजे. अभ्यासक्रम लांब की आखूड, यावर भांडण होत राहील. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे : शिकवायला उभा राहणारा माणूस अख्खा असावा, आणि प्रशिक्षणाने त्याला अर्धा करू नये.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे एका रविवारी होटगीच्या तलावावर गेलो. बरोबर नवी वही नेली होती. एका तासात आम्हांला अवघे पाच पक्षी ओळखता आले, त्यातले दोन चुकीचे निघाले असावेत. आम्ही नोंद केली : तारीख, वेळ, पाण्याची पातळी. लाल लांब पायांचे चार पक्षी उथळ पाण्यात चालत होते. त्यांच्यापुढे ‘शेकाट्या’ लिहिता आले असते. आम्ही ‘लाल काड्या’ असेच लिहिले. पुढच्या खेपेला त्या मुलीला बरोबर यायला सांगायचे ठरले आहे. ती येईल का, ते तिच्या सवडीवर आहे.